कालचं ‘त्यांनी’ पक्कं असेल तर ‘रा’ आपोआप येतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्पॅनिश शिकायला लागून दोन वर्षं झाली, आता बी२ची (मध्यम-उच्च पातळीच्या भाषा-परीक्षेची) तयारी चालू आहे. ‘प्रेतेरितो इम्पेर्फेक्तो दे सुबखुन्तीबो’ असं मालगाडीसारखं नाव असलेल्या रूपांपाशी (सुबखुन्तीबो म्हणजे इच्छा, जर-तर, ‘असं व्हावं’ सांगणारी रूपं; त्यातली ही भूतकाळाची) गाडी अडली आहे. आब्लार (बोलणं), कोमेर (खाणं), बिबिर (राहणं, जगणं) ही नियमित क्रियापदंसुद्धा तोंडातून नीट येत नाहीत. तक्ता पाठ आहे, कागदावर जमतं. बोलायची वेळ आली की ‘कोमेरा’, ‘बिबिरा’ असलं काहीतरी निघतं. शिवाय ‘रा’ची रूपं वापरायची की ‘से’ची? आणि मराठीत याला नेमकं काय समजायचं?

आधी लिहिण्याबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. स्पॅनिश शब्द इथे देवनागरीत, लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे लिहितोय. तिथे (आणि स्पेनमध्येही) ‘ब’ आणि ‘व’ची अक्षरं वेगळी असली तरी उच्चार एकच, म्हणून बिबिर. आब्लारच्या सुरुवातीला लिहिताना एक मुकं अक्षर असतं, ते इथे दिसणार नाही.

आता ‘कोमेरा’. ही चूक तुमची एकटीची नाही. गेली वीसेक वर्षं मी ही भाषा शिकवतोय आणि दर बॅचमध्ये निम्मी मुलं ती करतात. कारण साधं आहे. आपण पहिलं क्रियापद शिकतो आब्लार. त्याचं हे रूप आब्लारा. डोकं लगेच हिशेब करतं: मूळ क्रियापदाला शेवटी ‘आ’ जोडला की झालं! आब्लार अधिक आ, आब्लारा. बरोबरच दिसतं. मग कोमेर अधिक आ, कोमेरा. बिबिर अधिक आ, बिबिरा. इथे घात होतो. आब्लारच्या बाबतीत उत्तर बरोबर आलं तो निव्वळ योगायोग आहे. चुकीच्या रीतीने गणित सोडवून उत्तर जुळावं तसा. म्हणून मी हल्ली वर्गात पहिलं उदाहरण कोमेरचंच घेतो, आब्लारला शेवटी हात लावतो. बहुतेक पुस्तकं उलटं करतात आणि मला ते पटत नाही.

खरी रीत अशी. क्रियापदाच्या मूळ रूपाकडे बघायचंच नाही. कालचा साधा भूतकाळ घ्यायचा, त्यातलं ‘त्यांनी’चं रूप घ्यायचं. ते बोलले: आब्लारोन. त्यांनी खाल्लं: कोम्येरोन. ते राहिले: बिब्येरोन. शेवटचं ‘रोन’ काढून टाकायचं. उरतं आब्ला, कोम्ये, बिब्ये. त्याला हे शेपूट लावायचं: रा, रास, रा, रामोस, राइस, रान.

आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस, आब्लाराइस, आब्लारान.
कोम्येरा, कोम्येरास, कोम्येरा, कोम्येरामोस, कोम्येराइस, कोम्येरान.
बिब्येरा, बिब्येरास, बिब्येरा, बिब्येरामोस, बिब्येराइस, बिब्येरान.

बघा, ‘एर’वाली आणि ‘इर’वाली क्रियापदं इथे एकाच साच्यातून निघतात. म्हणजे तीन तक्ते नाहीतच, दोन आहेत: एक ‘आरा’चा, एक ‘येरा’चा. क्रम नेहमीचाच: मी, तू, तो-ती (आणि ‘आपण’ या अर्थाचं उस्तेद), आम्ही, तुम्ही, ते. त्यातलं पाचवं, ‘राइस’वालं, स्पेनमध्ये मित्रमंडळींना उद्देशून चालतं, लॅटिन अमेरिकेत त्याची गरज पडत नाही, तिथे ‘तुम्ही’लाही ‘रान’च. अर्जेंटिनावाले ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात आणि वर्तमानकाळात त्याची रूपं वेगळी करतात. इथे मात्र तेही निमूटपणे आब्लारास म्हणतात.

या रीतीला अपवाद किती? एकही नाही. स्पॅनिशमध्ये असं छातीठोकपणे सांगता येईल अशा जागा फार थोड्या, त्यातली ही एक. तेनेर (असणं, जवळ असणं) बिघडलेलं क्रियापद आहे, पण त्याचं बिघडणं भूतकाळातच उरकलेलं असतं: तुब्येरोन, म्हणून तुब्येरा. देसिर (सांगणं): दिखेरोन, म्हणून दिखेरा, इथे मधला ‘य’ नाही, कारण भूतकाळातही नव्हता. लेएर (वाचणं): लेयेरोन, लेयेरा. पेदिर (मागणं): पिद्येरोन, पिद्येरा. दोर्मिर (झोपणं): दुर्म्येरोन, दुर्म्येरा. सेर (असणं) आणि इर (जाणं) या दोघांचा भूतकाळ एकच, फ्वेरोन, म्हणून दोघांचंही फ्वेरा. ‘असता’ की ‘गेला असता’ हे वाक्यावरून ओळखायचं.

तेव्हा तुमचं दुखणं या रूपांमध्ये नाहीये. ते एक मजला खाली आहे, साध्या भूतकाळात. तिथलं ‘त्यांनी’चं रूप झोपेत विचारलं तरी आलं पाहिजे. आपण भूतकाळ शिकताना ‘मी’ आणि ‘तो’ घोटतो, कारण गप्पांत तेच लागतात; ‘ते’ मागे राहतं. त्याची फेड इथे करावी लागते.

एक उलटी चूकही सांगून ठेवतो, कारण ती हुशार मुलं करतात. पेन्सार (विचार करणं) हे क्रियापद वर्तमानात प्येन्सो, प्येन्सास असं फुटतं. वर्तमानाची सुबखुन्तीबो रूपंही तशीच फुटतात: प्येन्से. ती नुकतीच शिकलेली असतात, म्हणून मुलं ‘प्येन्सारा’ करतात. पण भूतकाळ पेन्सारोन, सरळ. म्हणून पेन्सारा. बोल्बेर (परत येणं): बोल्ब्येरोन, बोल्ब्येरा, ‘ब्वेल्ब्येरा’ नव्हे. नव्या रूपाचा वर्तमानाशी काडीचा संबंध नाही, हे डोक्यात बसलं की हा घोळ मिटतो.

आता उच्चारातला जोर. पुस्तकात याला दोन ओळी मिळतात. मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण यावर माझा एक गुरुवार वाया गेला आहे.

शिकवायला लागण्याआधी मी काही वर्षं दुभाष्याचं काम केलं. एका कारखान्याच्या मेक्सिकोतल्या ग्राहकाशी बोलणी चालू होती. तिकडच्या ऑफिसात फोन केला, तर साहेब जागेवर नव्हते. फोन उचललेल्या बाईंनी निरोप दिला: ‘दिखो के यामारा एल ख्वेबेस.’ लाइन खरखरत होती. मी फोन ठेवला आणि आमच्या मॅनेजरना सांगितलं, ‘साहेब गुरुवारी फोन करणार आहेत.’ गुरुवारी आम्ही रात्री साडेनऊपर्यंत ऑफिसात बसलो, वेळेचा फरक होता म्हणून. वडापाव झाले, दोनदा चहा झाला. फोन आलाच नाही. शुक्रवारी कळलं की तिकडे साहेब आमच्या फोनची वाट बघत होते.

काय झालं होतं? यामार म्हणजे फोन करणं, हाक मारणं. त्याची दोन रूपं आहेत. जोर शेवटच्या ‘रा’वर दिला, लिहिताना त्यावर तिरकी रेघ आली, की ‘तो फोन करेल’. जोर मधल्या ‘मा’वर दिला, रेघ नसली, की आपलं हे रूप. आणि ‘दिखो के’ म्हणजे ‘तो म्हणाला की’. त्याच्यापुढे आपलं रूप आलं की अर्थच पालटतो: ‘त्यांनी सांगितलंय की तुम्ही फोन करावा.’ एका जोरात फोन कोणी करायचा ते ठरतं. मी ‘मा’ ऐकला नाही.

मराठीत आपण जोराने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपले कान याला सरावलेले नसतात. म्हणून सवय लावा: ‘आर’वाल्या प्रत्येक क्रियापदाची ही जोडी मोठ्याने म्हणायची. आब्लारा: जोर ‘ब्ला’वर, तो बोलला असता, त्याने बोलावं. आब्लारा: जोर शेवटी, तो बोलेल. ‘एर-इर’ क्रियापदांत हा धोका नाही, कारण तिथे कोम्येरा आणि कोमेरा असे दोन वेगळेच शब्द आहेत. आणि हो, तुमचं ते ‘कोमेरा’ शेवटी जोर देऊन म्हटलंत तर चक्क ‘तो खाईल’ होतं. म्हणजे समोरचा तुमची चूक सुधारणार नाही, तो वेगळाच अर्थ घेऊन निघून जाईल.

सहाही रूपांत जोर एकाच जागी राहतो, हलत नाही. आब्लारा, आब्लारास, आब्लाराइस, सगळीकडे ‘ब्ला’. अडचण होते ती ‘आम्ही’च्या रूपात. आब्लारामोस म्हणताना जीभ सवयीने ‘रा’वर जोर टाकते, कारण बाकीचे बरेच ‘आमोस’ तसेच असतात. इथे तो ‘ब्ला’वरच ठेवायचा, आणि तो शेवटून तिसऱ्या अक्षरावर गेल्यामुळे लिहिताना तिथे तिरकी रेघ सक्तीची. कोम्येरामोस, बिब्येरामोसमध्ये रेघ ‘ये’मधल्या ‘ए’वर. परीक्षेत सहा रूपांपैकी एवढ्या एकाच ठिकाणी रेघ लागते आणि तीच विसरली जाते.

दुसरी एक गंमत: ज्या क्रियापदांच्या पोटात आधीच ‘रा’ आहे. प्रेपारार (तयार करणं): प्रेपारारोन, प्रेपारारा. मुलं यातला एक ‘रा’ गिळतात आणि ‘प्रेपारा’ म्हणतात, ज्याचा अर्थ ‘तो तयार करतो’. बोटं मोजत म्हणा: प्रे, पा, रा, रा. हसू येतं, पण डोक्यात राहतं.

इथेच ‘से’चा विषय निघतो. या काळाला दोन वेश आहेत. ‘रोन’ काढलं की ‘रा’ऐवजी से, सेस, से, सेमोस, सेइस, सेन लावता येतं: आब्लासे, कोम्येसे, बिब्येसे. अर्थ तोच. लॅटिन अमेरिकेत बोलण्यात ‘रा’चंच राज्य आहे, स्पेनमध्ये दोन्ही ऐकू येतात, तरी तिथेही बोलताना ‘रा’ जास्त. ‘से’ थोडं लेखी, थोडं भारदस्त वाटतं. वर सांगितलेल्या प्रेपारारासारख्या ठिकाणी ‘रारा’ टाळायला लिहिणारे कधी प्रेपारासे पसंत करतात. माझा सल्ला सरळ आहे: तोंडाने फक्त ‘रा’ वापरा, ‘से’ डोळ्यांनी ओळखता आलं की पुरे. दोन्ही घोटायला गेलात तर एकही धड बसणार नाही.

ही जोडी आली कुठून, ते ऐकण्यासारखं आहे. दोन्ही लॅटिनमधून आली, पण वेगवेगळ्या घरांतून. ‘से’ आलं आमाविस्सेमसारख्या रूपांतून, म्हणजे ते लॅटिनमध्येही ‘केलं असतं’च्याच गोतावळ्यातलं. ‘रा’ मात्र आलं आमावेरामवरून, ज्याचा अर्थ होता साधं ‘मी प्रेम केलं होतं’. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘रा’ तोच अर्थ देत असे. पुढे हळूहळू ते ‘से’च्या घरात शिरलं आणि मग त्यालाच कोपऱ्यात ढकलून बसलं. अजूनही वर्तमानपत्रांत किंवा जरा नटलेल्या गद्यात ‘रा’ जुन्या अर्थाने भेटतं: ‘त्याने १० वर्षांपूर्वी लिहिलं होतं ते पुस्तक’ यातल्या ‘लिहिलं होतं’साठी एस्क्रिब्येरा. तिथे जर-तर शोधत बसू नका.

पोर्तुगीजने ही सरमिसळ केली नाही. तिथे फालासे (लिहिताना शेवटी ‘ए’, बोलताना तो जवळपास गिळलेला) हे आपल्या आब्लाराचं काम करतं आणि फालारा म्हणजे ‘बोलला होता’, तेही आता पुस्तकी. माझ्याकडे गोव्याच्या एक निवृत्त बाई शिकायला यायच्या. १९६१च्या आधी त्यांचं प्राथमिक शिक्षण पोर्तुगीजमधून झालेलं. सगळा वर्ग ‘रा’ घोटत असताना या हटकून ‘से’ लावायच्या आणि ‘रा’ दिसलं की ‘होतं’ असा अर्थ काढायच्या. मी आधी दुरुस्त करत राहिलो, मग थांबलो. त्या चुकत नव्हत्याच. ‘से’ तितकंच शुद्ध आहे. ‘रा’चा अर्थ तेवढा बदलून घ्यायला सांगितला. तुमच्या घरात कोणी जुन्या गोव्याचं पोर्तुगीज बोलणारं असेल, तर हा धागा लक्षात ठेवा.

एका ठिकाणी मात्र ‘से’ चालत नाही: नम्र मागणीत. ‘किस्येरा उन कीलो दे आसूकार’, मला एक किलो साखर हवी होती. इथे किस्येसे कोणी म्हणत नाही. आणि बघा, मराठीत आपण काय म्हणालो? ‘हवी होती.’ साखर आत्ता हवी आहे, तरी दुकानदाराला आपण भूतकाळात सांगतो, कारण ‘हवी आहे’ जरा अंगावर जातं. स्पॅनिशमधलं केरीया हे अगदी आपल्या ‘हवी होती’सारखं, किस्येरा त्याहून एक पायरी अदबीचं.

म्हणजे आता तुमच्या शेवटच्या प्रश्नावर आलोच. मराठीत याला काय म्हणायचं? इंग्रजीच्या वाटेने जाऊ नका. इंग्रजीत हे रूप जवळपास मेलेलं आहे. मेलेल्या माणसाकडून पोहणं कशाला शिकायचं? आपल्याकडे ते जिवंत आहे, पण एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी विभागलेलं आहे. शाळेत क्रियापदाचे चार अर्थ शिकवले होते, आठवतात? स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. त्यातले शेवटचे दोन इथे कामाला येतात.

पहिला विध्यर्थ, म्हणजे ‘-आवा’. ‘मी भाजी खावी असं आजीला वाटायचं.’ यातलं ‘खावी’ म्हणजे कोम्येरा. इच्छा, विनंती, हुकूम, सल्ला, भीती, यांच्या पोटात जे ‘असं व्हावं’ असतं ते. मराठीत ‘आवं’ येतंय असं दिसलं की स्पॅनिशमध्ये सुबखुन्तीबो लागणार, हे दहातल्या आठ वेळा खरं निघतं. फरक एका गोष्टीत आहे आणि मराठी माणूस नेमका तिथेच चुकतो. ‘तू बोलावंस असं मला वाटतं’, ‘तू बोलावंस असं मला वाटत होतं’: आपलं ‘बोलावंस’ दोन्हीकडे तेच. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं तरी ते जागचं हलत नाही. स्पॅनिशमध्ये हलतं. ‘क्येरो के आब्लेस’, पण ‘केरीया के आब्लारास’. मुख्य क्रियापद मागे गेलं की पोटातल्यालाही मागे जावं लागतं, जसं गाडीमागे डबा. मुख्य क्रियापद ‘आवडेल, बरं होईल’ अशा ‘रीया’च्या रूपात असलं तरी तेच: ‘मे गुस्तारीया के आब्लारास’, तू बोललास तर मला आवडेल.

हेही सांगतो की पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना या भागांत रोजच्या बोलण्यात ‘केरीया के आब्लेस’ सर्रास ऐकू येतं. तिकडच्या मित्राशी बोलताना ते ऐकून बिचकू नका, पण परीक्षेत लिहूही नका.

दुसरा संकेतार्थ, म्हणजे जर-तर. ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’, हे व्याकरणाच्या तासाचं वाक्य. इथे मराठी माणसाचा दुसरा सापळा आहे. आपल्या वाक्याच्या दोन्ही बाजू सारख्या: इकडे ‘असता’, तिकडे ‘असतं’. म्हणून स्पॅनिशमध्येही आपण दोन्ही बाजूंना एकच रूप लावून मोकळे होतो. तिथे बाजू वेगळ्या आहेत. जर-च्या बाजूला ‘रा’, तर-च्या बाजूला ‘रीया’. ‘सी बिब्येरा एन पुने, त्राबाखारीया आयी’: पुण्यात राहत असतो तर तिथे काम केलं असतं. ‘सी त्राबाखारीया’ म्हणालात की शिक्षकांची भुवई वर. उत्तर स्पेनमध्ये, बुर्गोस, ला रिओखा, नाबार्रा आणि बास्क प्रदेशाकडे, गावचे लोक अगदी असंच दोन्हीकडे ‘रीया’ बोलतात, पिढ्यान्‌पिढ्या. बाकी स्पेन त्यावरून त्यांची थट्टा करतो. तुम्हाला बुर्गोसचं म्हणून सोडून देतील असं नाही.

आणखी एक बारीक फरक. ‘माझ्याकडे पैसे असते तर गेलो असतो’, हे आत्ताचं की गेल्या वर्षीचं? मराठी ते संदर्भावर सोडते. स्पॅनिश सोडत नाही. आत्ताचं असेल तर ‘सी तुब्येरा दिनेरो, इरीया’. गेल्या वर्षीचं असेल तर उब्येरा (आबेर या साहाय्यक क्रियापदाचं हेच रूप) जोडावं लागतं: ‘सी उब्येरा तेनीदो दिनेरो, उब्येरा इदो’. उब्येरा कुठून? उब्येरोनमधून रोन काढून, तीच रीत. आणि या गेल्या वर्षीच्या वाक्यात मजा बघा: दोन्ही बाजूंना उब्येरा चालतं! दुसरीकडे आब्रीया इदो म्हणालात तरी बरोबर, पण उब्येरा-उब्येरा ही जोडी अगदी रूळलेली आहे. आपल्या ‘असते-असतो’सारखी. मराठी कानाला हे वाक्य सगळ्यात आधी आपलंसं वाटतं, तरी पुस्तकं ते सगळ्यात शेवटी शिकवतात.

‘सी’च्या पुढे वर्तमानाची सुबखुन्तीबो रूपं मात्र कधीच येत नाहीत. खरोखर शक्य असलेली गोष्ट असेल तर साधा वर्तमानकाळ: ‘सी युएबे, नो साल्गो’, पाऊस पडला तर मी बाहेर पडणार नाही. हे वाक्य साधं आहे, त्यात उगाच ‘रा’ कोंबू नका.

‘जणू’साठी कोमो सी. त्याच्यापुढे नेहमी ‘रा’ (किंवा उब्येरा), मुख्य क्रियापद कुठल्याही काळात असो. ‘आब्ला कोमो सी फ्वेरा मी खेफे’: माझा साहेब असल्यासारखा बोलतो. इथे डबा-इंजिनाचा नियम लागत नाही. बोलणं आत्ताचं असलं तरी फ्वेराच.

आणि ओखाला. हा शब्द स्पेनमधल्या अरबीतून आला, ‘अल्लाने इच्छिलं तर’ या अर्थाच्या शब्दांवरून. आपल्याकडे सिनेमात ऐकलेल्या इन्शाअल्लाचा लांबचा भाऊ. त्याच्या पुढे वर्तमानाचं रूप आलं तर आशा असते: ‘ओखाला युएबा’, पाऊस पडो. ‘रा’ आलं तर आशा मावळलेली असते: ‘ओखाला योब्येरा’, पाऊस पडता तर! मराठीत हा फरक ‘पडो’ आणि ‘पडता तर’ असा एवढ्याशा फेरात होतो. जूनच्या अखेरीस आभाळाकडे बघणाऱ्या शेतकऱ्याला व्याकरण येत नसलं तरी यातलं कुठलं कधी म्हणायचं ते बरोबर कळतं.

या ओखालाचाच मी सरावासाठी उपयोग करतो. तक्ते लिहिणं बंद करा. त्याऐवजी रोज दहा क्रियापदं घ्या आणि प्रत्येकाची साखळी मोठ्याने म्हणा: ‘आयेर आब्लारोन, ओखाला आब्लारा.’ काल ते बोलले. तो बोलता तर. ‘आयेर कोम्येरोन, ओखाला कोम्येरा.’ ‘आयेर एस्क्रिब्येरोन, ओखाला एस्क्रिब्येरा.’ आयेर म्हणजे काल. तो शब्द भूतकाळाला हुकावर आणतो, ओखाला पुढचं रूप खेचतो, आणि मधलं ‘रोन’ गळून पडताना कानाला ऐकू येतं. पहिला आठवडा फक्त तो-तीचं रूप. दुसऱ्या आठवड्यात आम्ही, जोर सांभाळून. बाकीची रूपं शेवटी ‘स’ किंवा ‘न’ लावून मिळतात, त्यांना वेगळा आठवडा नको. माझी एक विद्यार्थिनी हे ठाणे ते सीएसएमटी लोकलमध्ये पुटपुटायची. शेजारच्या बायकांना वाटायचं, जप करते आहे. तिला कधी कोणी उठवलं नाही.

‘मी’ आणि ‘तो’ची रूपं सारखी असल्याने बोलताना गोंधळ होईल तिथे यो, एल, एया (मी, तो, ती) हे शब्द खुशाल टाका. एरवी स्पॅनिशमध्ये ते गाळतात, पण इथे टाकले तर कोणी नावं ठेवत नाही. माझ्या त्या गुरुवारच्या निरोपात बाईंनी ‘उस्तेदेस’ (तुम्ही सगळे) एवढा एक शब्द घातला असता तर क्रियापद यामारान झालं असतं आणि आम्ही वडापाव खात बसलो नसतो.

एखादं पुस्तक मेक्सिकोचं हाती आलं आणि त्यात या काळाला नुसतंच ‘प्रेतेरितो’ म्हटलेलं दिसलं तर घाबरू नका. आन्द्रेस बेयो या व्याकरणकाराने १८४७ साली चिलीत छापलेल्या व्याकरणात काळांना वेगळी नावं दिली होती, त्या वाटेने आलेली नावं लॅटिन अमेरिकेत काही ठिकाणी अजून चालतात. रेआल आकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेच्या क्रियापद-तक्त्यांत दोन्ही नावं शेजारी शेजारी छापतात. रूपं तीच.

जाता जाता तीन वाक्यं देतो, तिन्ही नियमित क्रियापदांची. आधी उत्तर झाकून स्वतः करा.

मी सगळी भाजी खावी असं आजीला वाटायचं. मुख्य क्रियापद भूतकाळात, पोटात ‘आवी’: ‘मी आब्वेला केरीया के यो कोम्येरा तोदा ला बेर्दुरा.’

जवळ राहत असतो तर रोज भेटायला आलो असतो. आत्ताची गोष्ट, जर-च्या बाजूला ‘रा’, तर-च्या बाजूला ‘रीया’: ‘सी बिब्येरा सेर्का, ते बिसितारीया तोदोस लोस दीआस.’

कोणी ऐकतच नसल्यासारखी गाते. जणू आहे, तेव्हा मुख्य क्रियापद वर्तमानात असलं तरी: ‘कान्ता कोमो सी नाद्ये ला एस्कुचारा.’ जोर ‘चा’वर. ‘रा’वर गेला तर पुन्हा म्हणा.